८४ अंशाला पीसी जळतो का?

उचगावच्या एका मुलानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "काका, पीसी अडीच वर्षांपूर्वी घेतलाय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्या खोक्यात आलेलाच कूलर, बी४५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. जानेवारीत गेम खेळताना प्रोसेसर ७० पर्यंत जायचा, आता मे महिन्यात ८४ दाखवतोय. ग्राफिक्स कार्ड ७८, हॉटस्पॉट (कार्डाच्या चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ९२. आणखी एक सेन्सर तर ११८ दाखवतोय! मित्र म्हणतो ७० च्या वर गेलं की चिप जळते. दुकानदार म्हणतो पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला, उष्णता पुढं नेणारा लेप) वाळली, लिक्विड कूलर बसवा, नऊ हजार होतील. खोली वरच्या मजल्यावर आहे, पत्र्याची. पप्पा म्हणतात मशीन बंद कर, जळंल एखाद दिवशी. काय करू?"

नऊ हजार खिशातच राहू देत. तुझा पीसी जळत नाहीये आणि आजारीही नाही. त्याला उकडतंय, एवढंच. मे महिन्यात पत्र्याखाली बसून गेम खेळायचा म्हटल्यावर तुलाही उकडत असणारच.

तू सगळे आकडे लिहिलेस, पण ज्याच्यावाचून बाकीचे वाचताच येत नाहीत तो लिहिला नाहीस. तो म्हणजे खोलीचं तापमान. कोल्हापूरच्या राजारामपुरीत बावीस वर्षं मी पीसी उघडतोय. गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो, आणि बहुतेक जण माझ्याकडं असं बघतात की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या मशीनबद्दल बोलतोय.

पंखा आणि कूलर मिळून चिपची उष्णता हवेला देतात, बाकी त्यांच्या हातात काही नाही. खोलीतल्या हवेपेक्षा गार ते चिपला कधीच करू शकत नाहीत. म्हणजे प्रोसेसरवर दिसणारा आकडा हा खोलीचं तापमान अधिक काहीतरी असा असतो, आणि कूलरची खरी तब्येत त्या 'काहीतरी'त कळते. जानेवारीतल्या रात्री तुझ्या खोलीत २२ अंश धरू. ७० मधून २२ गेले, राहिले ४८. आता पत्र्याखाली संध्याकाळी ३६ धरू. ८४ मधून ३६ गेले, राहिले ४८. फरक तोच! पेस्ट वाळली असती तर हा फरक वाढून पंचावन्न-साठ झाला असता आणि आज तुझा प्रोसेसर ९० ला टेकलेला दिसला असता. २२ आणि ३६ हे माझे अंदाज आहेत, हे खरंय. म्हणून दोन-तीनशे रुपयांचा साधा तापमापक आण आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथं ठेव. यापुढं कुठलाही आकडा लिहिताना त्याच्या शेजारी खोलीचा आकडा लिहायचा.

यूट्यूबवर तुझ्याच प्रोसेसरची चाचणी बघून "त्याचा ६५ ला खेळतो, माझा का नाही" असं वाटत असेल, तर त्याचंही उत्तर यातच आहे. त्या चाचण्या बहुतेक एसी लावलेल्या २०-२२ अंशांच्या खोलीत आणि कॅबिनेटशिवाय उघड्या बेंचवर होतात. तुझ्या पत्र्याच्या खोलीशी तुलना करायची तर आधी पंधरा अंश मिळव.

आता ते ७० चं भूत. तुझा मित्र खोटं बोलत नाही, तो शिळं बोलतोय. मी धंद्यात आलो तेव्हा ही भीती खरी होती. २००१ च्या सुमाराच्या एएमडी अ‍ॅथलॉन चिपवरचा कूलर चालू मशीनमध्ये निघाला तर चिप काही सेकंदांत धूर सोडायची, कारण तापलं तर थांबायचं हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पुढं कोअर २ ड्युओच्या काळात इंटेल जी मर्यादा छापायचं ती साठ-सत्तरच्या घरात असायची. ई६३०० ला ६१.४ अंश, ई८४०० ला ७२.४. पण ते तापमान चिपच्या वरच्या धातूच्या झाकणाचं होतं. आज तू सॉफ्टवेअरमध्ये बघतोस ते झाकणाखालच्या सिलिकॉनचं असतं, आणि तेही त्या क्षणी सगळ्यात तापलेल्या जागेचं. मापायची जागा बदलली, आकडा मात्र लोकांच्या तोंडी तोच राहिला.

आजच्या चिपला कंपनीनं ठरवून दिलेली मर्यादा असते आणि ती प्रत्येकीची वेगळी असते. तुझ्या ५६०० ची ९० अंश आहे. गंमत म्हणजे त्याचाच भाऊ ५६००एक्स, त्याची ९५. रायझन ७६०० ची ९५, पण ७८००एक्स३डी ची ८९. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरची १००, आणि नव्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेची १०५. म्हणून "८८ अंश बरे की वाईट" या प्रश्नाला उत्तरच नाही. ७८००एक्स३डी वाल्यासाठी ते मर्यादेचं दार आहे, इंटेल आय५-१२४००एफ वाल्याला अजून बारा अंशांची मोकळीक आहे. रायझन ७००० आलं तेव्हा एएमडीनं उघडच सांगितलं होतं की जड कामात ९५ ला जाऊन तिथंच राहणं हे या चिपांच्या रचनेतच धरलेलं आहे. लोकांनी तरी भरपूर बोंब मारली.

मर्यादा गाठल्यावर काय होतं? जळत नाही. चिप आपला वेग आणि व्होल्टेज थोडं उतरवते, उष्णता कमी करते आणि मर्यादेला धरून चालत राहते. पैलवानाला दम लागला की तो पकड सैल करून दोन श्वास घेतो, मैदान सोडून पळत नाही. तसंच हे. तेवढ्यानंही भागलं नाही, म्हणजे पंखाच बंद पडला किंवा कूलर सुटला, तर मशीन स्वतःहून बंद होतं. चिप वाचते. सरळसाध्या वापरात नुसत्या उष्णतेनं मेलेला प्रोसेसर गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या टेबलावर आल्याचं मला आठवत नाही.

म्हणून अंशांच्या जोडीला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, बघ. तुझा ५६०० गेममध्ये ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पळायला हवा. ८४ अंशाला तो ४.३५-४.४ दाखवत असेल तर त्याला काहीही त्रास नाही. ९० ला टेकून ४.१, ४.० असा खाली यायला लागला तर तुला एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये) फटका बसतोय, आणि तेव्हा कूलरवर खर्च करायला अर्थ आहे. हे बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. अर्धा तास गेम खेळून मग त्यातला कमाल आणि सरासरीचा रकाना वाच. गेम चालू करून पाचव्या मिनिटाला बघितलेला आकडा काही कामाचा नाही, कारण कॅबिनेटमधली हवा तापायलाच वीसेक मिनिटं लागतात.

एचडब्ल्यूइन्फो म्हटलं की आलाच तुझा ११८ अंशांचा सेन्सर. त्याचं नाव 'ऑक्सटिन' का असंच काहीतरी असेल बघ. बोर्डावरच्या सेन्सर चिपला अशा जादा वायरी असतात आणि बोर्ड बनवणाऱ्यानं त्यांना काहीच जोडलेलं नसतं. मग ती लोंबकळती वायर ११८, १२७, कधी उणे काहीतरी असं बरळत राहते. पीसी चालू केल्या केल्या, गेम नसताना, तो आकडा तेवढाच दिसतो का बघ. दिसला तर त्या ओळीवर राइट क्लिक करून ती लपवून टाक. रात्री अकराला या एका ओळीपायी मला फोन आलेत.

दुसरा एक घाबरवणारा प्रकार रायझनवाल्यांना दिसतो. काहीच न करता ४२ अंश, आणि ब्राउझर उघडला की फटकन ६०, परत ४५. पंखाही त्याबरोबर घुर्र-शांत, घुर्र-शांत करत राहतो. तुझ्या प्रोसेसरमधला गणित करणारा तुकडा जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा, बोटाच्या नखाएवढा. एक कोर क्षणभर पूर्ण ताकदीनं उठला की तेवढी जागा लगेच तापते आणि लगेच निवते. बिघाड नाही तो. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पंख्याच्या सेटिंगला 'स्मूदिंग' किंवा 'स्टेप अप टाइम' असं काहीतरी असतं, ते दोन-तीन सेकंदांवर ठेव. चिपचं तापमान तसंच उड्या मारेल, पण पंखा गप्प बसेल.

याच छोट्या नखावरून आणखी एका कोड्याचं उत्तर मिळतं. ग्राफिक्स कार्ड १७० वॉट खातं आणि ७८ ला राहतं. प्रोसेसर त्याच्या निम्मी वीजसुद्धा खात नाही आणि ८४ ला जातो. असं कसं? तर ३०६० ची चिप २७६ चौरस मिलिमीटरची आहे. उष्णता पसरायला जागा मोठी, वर धातूचं झाकण नाही, कूलर सरळ सिलिकॉनला टेकलेला, आणि तो कूलरही दोन-तीन पंख्यांचा भला दांडगा. तुझ्या प्रोसेसरवरचा खोक्यातला कूलर त्यापुढं वाटीएवढा. तरी तो ८४ ला धरून ठेवतोय याचं मला कौतुकच वाटतं.

ग्राफिक्स कार्डाकडं मात्र वेगळ्या नजरेनं बघायचं. एनव्हिडियानं ३०६० ची कमाल मर्यादा ९३ सांगितलीय आणि कार्ड मुळातच ८३ च्या वर जायचं नाही असं धरून चालतं. ते स्वतःचे पंखे वाढवत नेतं आणि तरी जमलं नाही तर क्लॉक उतरवतं. त्यामुळं कार्डाचं तापमान उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसं हलत नाही, आणि नुसता तो आकडा बघून काही कळत नाही. पंखा किती फिरतोय ते बघ. जानेवारीत तेच कार्ड तोच गेम मिनिटाला १४०० फेऱ्यांवर खेळत असेल आणि आता २१०० वर, तर ती मे महिन्याची करामत. पण पुढच्या जानेवारीत, खोलीत २२ असताना, पंखे पुन्हा २१०० वर गेले, तर समजायचं की धूळ तरी बसलीय नाही तर पेस्ट तरी सरकलीय.

तुझा हॉटस्पॉट ९२, म्हणजे कार्डाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा १४ जास्त. ठीक आहे. दहा ते पंधराचा फरक मी चांगल्या कार्डांवर रोज बघतो. वीसच्या वर गेला की मी लक्ष ठेवायला सांगतो, आणि पंचवीस-तीस झाला तर कार्ड उघडतो. तिथं पेस्ट चिपच्या मधून कडेला सरकलेली असते. तापून फुगणं, निवून आकसणं हे हजारदा झालं की ती हळूहळू बाहेर ढकलली जाते. एएमडीचं रेडिऑन कार्ड असतं तर मी ९२ कडं बघितलंही नसतं, कारण त्यांचा हॉटस्पॉट ११० पर्यंत चालतो असं खुद्द कंपनीच सांगते. आणि ५००० मालिकेची नवी आरटीएक्स कार्डं घेणाऱ्यांनी हॉटस्पॉट शोधत बसू नये. एनव्हिडियानं तो आकडा दाखवणंच बंद केलंय.

३०८०, ३०९० सारखं कार्ड कुणी जुनं घेत असेल तर त्यानं 'मेमरी जंक्शन' नावाचा आकडा बघावा. त्या कार्डांची मेमरी फार तापते आणि ११० ला जाऊन कार्डाला लगाम घालते. चिप ६८ दाखवतेय म्हणून विकणारा खुशीत असतो आणि मेमरी तिकडं ११० ला शिजत असते. तुझ्या ३०६० मध्ये तशी मेमरी नाही, तू सोडून दे.

उष्णतेनं काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चिपच्या आतल्या तारा इतक्या बारीक असतात की वाहणारी वीज वर्षानुवर्षं त्यांच्यातला धातू कणाकणानं पुढं ढकलत राहते. तापमान जास्त तर हे जलद होतं, आणि तापमानासोबत व्होल्टेजही जास्त तर आणखी जलद. पण कंपनीनं मर्यादा ठरवताना हे धरलेलं असतं. त्यामुळं ८४ ऐवजी ७४ ला चालवलास तर चिपचं आयुष्य वाढेल हे खरं, पण ते ज्या वर्षी संपणार आहे तोवर तू हा पीसी कधीच विकलेला असशील. इथं जास्त भीती व्होल्टेजची. कुठला तरी व्हिडिओ बघून बायोसमध्ये कायमचे १.४ व्होल्ट ठोकून ठेवणारी पोरं मला ९० अंशवाल्यांपेक्षा जास्त धोक्यात वाटतात. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं २०२४ साली जे प्रकरण झालं, चिपा अस्थिर होऊन गेम बंद पडायला लागले, त्याच्या मुळाशीही चिपला नको इतकं व्होल्टेज मिळणं हेच होतं. कंपनीला मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्या पिढीचा आय७-आय९ कुणाकडं असेल आणि बायोस २०२४ नंतर अद्ययावत केला नसेल, तर हे पुढचं वाचायच्या आधी ते काम करा.

चिपपेक्षा उष्णतेचा मार शेजाऱ्यांना जास्त बसतो. बोर्डावरचे आणि एसएमपीएसमधले (पीसीला वीज देणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर दहा अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आमच्यात धरतात. स्वस्तातल्या बोर्डावर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर साधी अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही नसते. कार्डाच्या बरोबर खाली बसवलेला एनव्हीएमई एसएसडी ७० च्या पुढं गेला की फाइल कॉपी करताना रांगायला लागतो. हे सगळं कॅबिनेटमधल्या कोंडलेल्या हवेनं होतं, आणि तिथं तुझी खरी अडचण आहे असा मला संशय आहे. तू लिहिलं नाहीस, पण पीसी कुठं ठेवलायस? कॉम्प्युटर टेबलाच्या खणात? पुढं दार असलेल्या?

आपल्याकडच्या सुतारांनी ते खण बनवले तेव्हा पीसी शंभर वॉटचे होते. तुझा गेम खेळताना सगळा मिळून तीनशेच्या आसपास खातो, आणि ते तीनशेही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात. लाकडी खोक्यात तीनशे वॉटचा हीटर ठेवायचा, मागं भिंत, पुढं दार. पंखे तीच हवा फिरवून फिरवून पुन्हा आत ओढतात. खोलीत ३६ असेल तर त्या खणात ४५ सहज होतात, आणि मग प्रोसेसर ८४ ला नाही तर ९० लाच जाऊन बसतो.

यासाठी फुकटातली एक परीक्षा सांगतो. अर्धा तास गेम खेळ, आकडे लिहून घे. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढ, पुन्हा अर्धा तास तोच गेम. आकडे सात-आठ अंशांनी खाली आले तर कूलर चांगला आहे, कॅबिनेटला श्वास घेता येत नाहीये. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर हवा व्यवस्थित खेळतेय, आता कूलर आणि पेस्टकडं बघायचं. दुकानदारानं पेस्ट वाळली हे मशीन न उघडता कसं ओळखलं मला कळत नाही. झाकण काढून बघायला तर स्क्रू ड्रायव्हर आणि पाच मिनिटं लागतात.

श्वास कोंडतोय असं निघालं तर पीसी खणातून बाहेर काढ, टेबलावर ठेव, मागं वीतभर जागा सोड. पुढच्या बाजूला सबंध काच असलेलं कॅबिनेट असेल (दिव्यांच्या नादात सगळे तेच घेतात) तर त्या काचेच्या कडेच्या फटीतूनच काय ती हवा जाते. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, एवढं गणित. पुढं १२० मिलिमीटरचे दोन साधे पंखे लावलेस तर हजाराच्या आसपास काम होतं. मागच्या पंख्याची बाजू एकदा तपास. जाळीची, आडव्या पट्ट्यांची बाजू जिकडं, तिकडं हवा फेकली जाते. उलटे बसवलेले पंखे मी इतके बघितलेत की आता आश्चर्य वाटत नाही.

पाण्याचा कूलर असतो ना, खिडकीतला, तो थेट पीसीवर सोडू नकोस. ओली हवा आणि आतली धूळ मिळून लेप तयार होतो.

धुळीबद्दल आपल्या भागासाठी वेगळं बोलायला हवं. पुस्तकात "सहा महिन्यांनी स्वच्छ करा" असं असतं. कोल्हापुरात घर कुठं आहे त्यावर ते ठरतं. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळलं की गच्चीवर काळी काजळी पडते, ती तुमच्या पीसीतही जातेच. शेताकडं खिडकी असलेल्यांनी साखर हंगाम संपला की एकदा उघडावाच. आणि शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरजवळ राहणाऱ्यांची धूळ तर निराळीच. फाउंड्रीतली वाळू आणि लोखंडाची बारीक पूड. शिरोलीच्या एका डिझाइन ऑफिसमधलं मशीन माझ्याकडं आलं होतं. कार्ड ८७, हॉटस्पॉट १०८, वय अवघं दोन वर्षं. कूलरच्या पात्यांमध्ये घोंगड्यासारखा काळा थर. त्याच्यावर चुंबक धरला तर थोडी पूड चिकटली! असली पूड बोर्डावर, पावसाळ्याच्या दमट हवेत, म्हणजे शॉर्टसर्किटला आमंत्रणच. साफ करून नवी पेस्ट लावली आणि तेच कार्ड ७२ ला आलं, हॉटस्पॉट ८४.

साफसफाई करताना मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर वापर. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, हवेच्या झोतानं गरगरा फिरू देऊ नकोस, बेअरिंग जातं. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नकोस, ही कळकळीची विनंती. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं. एकानं तिथं मारून आणलेलं कार्ड मी दोन दिवस वाळत घातलं होतं.

झाकण काढूनही फरक पडला नाही आणि खोलीचा आकडा वजा केल्यावर पंचावन्नच्या वर राहतात असं निघालं, तरच पेस्ट बदल. पण तुझ्या एएम४ सॉकेटचा एक धोका आधी ऐक. त्या प्रोसेसरला खाली पिना असतात, आणि जुनी पेस्ट इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून कूलरसोबत वर येतो. २०१९ मध्ये मी स्वतः घाईत हे केलंय. दोन पिना मोडल्या आणि एका गिऱ्हाइकाला नवा प्रोसेसर माझ्या खिशातून दिला. तेव्हापासून मी आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवतो, पेस्ट मऊ होऊ देतो. मग वीज पूर्ण बंद, स्क्रू सोडायचे आणि कूलर डावीकडं-उजवीकडं हळूहळू पिळत सुटा करायचा. सुटल्यावरच उचलायचा. पेस्ट मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी. पोळीला तूप लावल्यासारखी फासायची गरज नाही, कूलरच्या दाबानं ती पसरते. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते काढायचं. हसू नकोस, प्लास्टिकसकट बसवलेले कूलर वर्षाला एखादा तरी येतोच.

नवा कूलर घ्यायचाच असेल तर दोन-अडीच हजारांत एका पंख्याचा टॉवर कूलर येतो आणि तुझ्या प्रोसेसरला तो पुरून उरतो. खोक्यातल्या कूलरपेक्षा दहा-पंधरा अंश सहज उतरतात, आवाजही मरतो. ५६०० ला लिक्विड कूलर म्हणजे मोपेडला ट्रकचा रेडिएटर.

काही विकत न घेता करण्यासारखंही बरंच आहे. तू व्हॅलोरंटसारखं काही खेळत असशील आणि एफपीएस मोकळा सोडला असशील, तर प्रोसेसर तीनशे-तीनशे फ्रेम काढत बसतो आणि तुझा मॉनिटर १४४ वाला असेल तर त्यातल्या १४४ च दाखवतो. उरलेल्या फ्रेमची निव्वळ उष्णता होते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम १४१ वर बांधून टाक. बऱ्याचदा एवढ्यानंच प्रोसेसर आठ-दहा अंश खाली येतो. कार्डासाठी आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्के कर. एफपीएस दोन-चार कमी होतील, डोळ्याला कळणारही नाहीत, आणि पंख्यांचा आवाज उतरेल. हात वळले की मग व्होल्टेज-कर्व्हच्या, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवण्याच्या, मागं लाग, साधारण १८०० मेगाहर्ट्झ ०.९ व्होल्टच्या आत बसतं का बघ. प्रत्येक चिप वेगळी असते, गेम बंद पडला तर थोडं वर ये. प्रोसेसरला बायोसमध्ये 'कर्व्ह ऑप्टिमायझर' उणे १५ पासून सुरू करता येईल. पण हे मे महिन्यातच करायला हवं असं नाही.

लॅपटॉपवाला मित्र असेल तर त्याला यातलं अर्धंच लागू आहे. दोन चिपा, त्यांच्यात वाटून घेतलेल्या तांब्याच्या पातळ नळ्या, त्यामुळं प्रोसेसर ९५ ला जाणं त्यांच्यात रोजचंच. मागची बाजू दोन इंच उचलून ठेवायची, गादीवर ठेवून खेळायचं नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ केली की टर्बो (चिपचा जादा वेग) बंद होतो आणि कधीकधी पंधरा-वीस अंश उतरतात. गेममध्ये थोडा वेग जातो, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गेम चालू असताना पीसी फाटकन बंद पडत असेल तर लोक तापमानाला दोष देतात. आकडे मर्यादेच्या खाली असतील तर मी आधी एसएमपीएस बघतो. माझ्या टेबलावर मेलेली मशीनं येतात ती हजार रुपयांच्या एसएमपीएसनं मारलेली असतात, वळवाच्या पावसातल्या विजेनं, नाही तर आत शिरलेल्या पालीनं. वळीव सुरू झालाय, वीज कडाडायला लागली की प्लग काढत जा. तुझ्या पप्पांचं "मशीन बंद कर" त्या वेळी अगदी बरोबर आहे.

रविवारी झाकण काढून दोन्ही वेळचे आकडे घे. प्रोसेसर, क्लॉक, कार्ड, हॉटस्पॉट, कार्डाच्या पंख्याच्या फेऱ्या आणि खोलीचं तापमान. लिहून पाठव, मग पंखे घ्यायचे का पेस्ट ते सांगतो.